उंबऱ्यातली बैठक

टेंभुर्णी,
रविवार, २७ जुलै १९५८

तीर्थरूप अण्णा,

पाया पडते. समोर असते तर तुम्ही पाय मागे घेतले असते, म्हणून कागदावरूनच पडते.

इकडे सगळे खुशाल. ज्वारी गुडघ्याला लागली आहे, सासूबाईंचा खोकला गेला, यांची शाळा सुरू झाली. गेल्या दोन दिवाळ्यांना मी पत्रं लिहिली, त्यांचं उत्तर आलं नाही. हे पत्र तसलं नाही. यात रडणं नाही, माफी नाही, तुमची चौकशीसुद्धा नाही. (आईचे गुडघे कसे आहेत?) हे निव्वळ कामाचं पत्र आहे. वाचनालयाच्या बैठका इतकी वर्षं तुम्ही चालवल्यात, टेबलावर घड्याळ ठेवून, आणि सगळ्या गावाला भांडायला मुभा देऊन वेळेत उठवलंत. तेव्हा एक माहीतगार गृहस्थ म्हणून विचारते आहे. उत्तर दिलंत तर उपकार मंडळावर होतील, माझ्यावर नाही.

आमच्या गावात बायकांचं खेळ मंडळ निघालं आहे. फुगडी, झिम्मा, पिंगा. पंचमीला खेळतातच, तर चढाओढीत का खेळू नये, असं मी एकदा नुसतं बोलून गेले. पाटलांच्या तुळजाबाई म्हणाल्या, "मंग कर की तू. शाळा शिकून आलीस नं?" झालं! त्या अध्यक्ष आणि मी चिटणीस. इथे कुणाला पगार नाही की कुणावर सक्ती नाही. घरचं, रानातलं आवरून ज्या येतात त्या हौसेनं येतात, त्यामुळे कुणाला रागावायचीही सोय नाही.

सात सप्टेंबरला तुमच्या वाचनालयाच्या पटांगणात बायकांच्या फुगड्यांच्या चढाओढी आहेत हे तुम्हाला माझ्याआधी ठाऊक असेल. आमची नंदाबाई, म्हणजे तुळजाबाईंची सून, फुगडीला उभी राहिली की समोरचीला घेरी येते आणि ही हसत असते. तिला घेऊन जालन्याला यावं असं मला फार फार वाटतं. पण जायचं की नाही हेच ठरत नाही. समिती सात जणींची. बैठक म्हटली की पहिल्यांदा कुणाची म्हैस व्याली ते निघतं, मग तुळजाबाईंच्या बहिणीच्या सुनेचं बाळंतपण निघतं, आणि विषय निघेपर्यंत दिवेलागण होते. मी कळवळून विचारते, "जायचं ना?" सगळ्या म्हणतात, "बराबर, बराबर." आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर नेमकं उलटं ठरलेलं असतं!

त्यातून सात जणींत सासू-सुनांच्या तीन जोड्या. एक तर आमचीच. सासूपुढे सून बोलत नाही. नंदाबाईला काय वाटतं हे मी तीन महिन्यांत तिच्या तोंडून ऐकलेलं नाही.

अण्णा, अशी बैठक कशी चालवायची? मी तुमच्याच घरात वाढले, दाराआडून तुमच्या कितीतरी बैठका ऐकल्या, पण तिथे सगळे पुरुष होते आणि कुणाची सासू नव्हती.

उत्तर द्यावंसं वाटलं तर द्या.

आपली,
उमा (चिटणीस, भगिनी खेळ मंडळ)

*

टेंभुर्णी,
रविवार, १७ ऑगस्ट १९५८

तीर्थरूप अण्णा,

तुमचं कार्ड मिळालं!

वर चिरंजीव नाही, खाली आशीर्वाद नाही, मध्ये फक्त चार नियम. पण अक्षर तुमचं. पोस्टमन कडूबा कार्ड देताना म्हणाला, "बाई, म्हायेरचं हाय का? तोंड काऊन असं झालं?" मी म्हणाले, धूर गेला डोळ्यात. तेव्हा मी अंगणात उभी होते.

आता अहवाल देते, कारण तुम्हाला अहवाल आवडतात.

विषय आधी कळवावा, हा तुमचा पहिला नियम. कळवला. सगळ्या गावाला कळला. एका वेळी एकीनंच बोलावं, हा दुसरा. त्याचा अर्थ आमच्याकडे असा निघाला की तुळजाबाईंनीच बोलावं. मग मी तिसरा नियम काढला, की अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावं. तुळजाबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि बसल्या. अण्णा, काय सांगू! त्यांचं मत कळल्याशिवाय बोलायची कुणाची छाती होती? सगळ्याजणी चूप. इतकी शांतता आमच्या ओसरीवर मी कधी ऐकली नव्हती. शेवटी माझाच धीर सुटला, मी उठून करंडा आणला आणि सगळ्यांना हळदीकुंकू लावून टाकलं. बैठक संपली.

आणि तिथे सुरू झाली! कुंकू लागलं की बाई उठते, पण जात नाही, हे तुम्हाला नाही कळायचं, आईला विचारा. आमच्या उंबऱ्यात सगळ्या खोळंबल्या. सासवा पुढे होऊन पायताणं शोधत होत्या, सुना मागे. कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं. आणि नंदाबाई, जिचा आवाज मी ऐकला नव्हता ती नंदाबाई, सासूच्या पाठीकडे बघत बोलली, "जालन्याला गेल्याबगर मी काही ऱ्हात न्हाई. इथं कुणासंगं खेळू? सगळ्या दोन गिरक्यांत बसून जातात."

तुळजाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. जोड्यात पाय घालता घालता म्हणाल्या, "मंग बैठकीत सांगायला काय झाल्तं? तोंडात गूळ धरून बसली व्हती का?"

"तुमी बसल्या व्हत्या नं समोर," नंदाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. तुळजाबाईसुद्धा.

मला तेव्हा अक्कल आली. आमची बैठक ओसरीवर होतच नाही, उंबऱ्यात होते. तुमच्या टेबलाला जे काम जमतं ते आमच्याकडे उंबरा करतो. म्हणून परवाच्या बैठकीला मी काय केलं ऐका. बायका आल्या आल्या करंडा पुढे केला.

"अगं बाई, आल्या आल्याच वाटंला लावून राह्यली का काय आम्हाला?" तुळजाबाई म्हणाल्या.

"बैठक संपली," मी म्हटलं, "या आता."

सवयीनं सगळ्या उठल्या, उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि बोलू लागल्या. मी दाराच्या चौकटीला टेकून एकेक विषय टाकत गेले. अर्ध्या तासात सगळं ठरलं, अण्णा. जालन्याला जायचं. बाराजणींनी जायचं. शनिवारी सहा तारखेला मोटारीनं निघायचं, एक रात्र राहायचं, रविवारी खेळून परतायचं. प्रत्येकीनं शिधा बरोबर न्यायचा, कुणावर भार टाकायचा नाही. हात वर करून मतं घेतली. सुनांचे हात सासवांच्या आधी वर गेले. तुम्ही पाहायला हवं होतं.

इथवर अहवाल झाला. पत्र इथे संपवावं असं मनात होतं. शाई वाळवून घडीसुद्धा घातली होती. पुन्हा उघडून लिहिते आहे.

रात्र राहायचं कुठे, हाही विषय निघाला. मी धर्मशाळा म्हणाले. कुठलीही सासू सुनेला धर्मशाळेत धाडणार नाही, हे मला कळायला हवं होतं. आणि तुळजाबाई म्हणाल्या, "धरमशाळा कशाला? चिटणीसबाईचं म्हायेर हाय की जालन्यात! मोठं घर हाय म्हणती, वडील नावाजलेले हायेत. तिथंच उतरू." सगळ्या एका तोंडानं म्हणाल्या, "बराबर!" हात वर. माझा सोडून सगळ्यांचे.

मी म्हटलं, घर लहान आहे. मग म्हटलं, आईला बरं नसतं. पाणी कमी असतं म्हणाले. काहीबाही बोलत सुटले. तेव्हा तुळजाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ठराव झाला की मागून बोलायचं न्हाई. बिलकुल न्हाई. तूच वाचून दाखवलं नं कार्डातून?"

तुमचा चौथा नियम. तुमच्याच लेकीच्या गळ्याशी आला.

अण्णा, त्यांना काही ठाऊक नाही. या गावात मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी औरंगाबादला नोंदणी करून लग्न केलं, दुसऱ्या जातीतल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या मास्तराशी केलं, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. मीही तुमचीच मुलगी, म्हणाले, ठेवणार नाही. हे फक्त यांना आणि सासूबाईंना माहीत. बाकी सगळ्यांना वाटतं, मी जाते-येते. धोंड्याचा महिना आला, गावातले सगळे जावई सासुरवाडीला जेवून आले, तेव्हा मी लोकांना सांगितलं, यांना रजा मिळाली नाही. हे शेजारून ऐकत होते.  मला त्यांचा तेव्हा फार राग आला, कारण ते माझ्यावर रागावले नाहीत.

आता मागते, अगदी सरळ मागते. एक रात्र बाराजणींना ओसरीवर पथारी टाकू द्या. स्वयंपाक आम्ही करू. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. मी मागच्या दारी बसेन. तुम्ही नाही म्हणालात तर नंदाबाईचं जाणं बुडेल, आणि मला उंबऱ्यात उभं राहून सगळ्यांना खरं सांगावं लागेल. ते मी सांगेन, तुम्ही माझी फिकीर करू नका. पण नाही म्हणायचं असेल तर तसं लिहा. गप्प राहू नका. गप्प राहिलात तर मी काय समजायचं, हे दोन वर्षांत मला कळलेलं नाही.

तुमची आठवण येते. रागही येतो. दोन्ही एकाच वेळी येतं, आणि मला त्यांना पाळीपाळीनं बोलायला लावता येत नाही.

आईला नमस्कार.

उमा

*

टेंभुर्णी,
शनिवार, ३० ऑगस्ट १९५८

तीर्थरूप अण्णा,

कार्ड काल दुपारी आलं. कडूबानं दिलं आणि उभाच राहिला, कारण गेल्या वेळचं माझं तोंड त्याच्या लक्षात होतं. मी तिथल्या तिथे वाचलं. मग चूल पेटती सोडून शाळेत गेले आणि वर्ग चालू असताना यांना दारात बोलावून वाचायला दिलं. मुलं बघत होती. बघू देत.

"ठराव नियमबाह्य आहे. ज्याचे घर त्याची संमती आधी घेतलेली नाही. तथापि पुढील दुरुस्त्या मान्य असल्यास संमती देता येईल." यांनी एवढं वाचलं आणि म्हणाले, "तुझे वडील असंच बोलतात का घरात?" मी म्हटलं, पुढे वाचा.

"दुरुस्ती पहिली. शिधा आणण्याचे कलम वगळावे. माहेरी येणारी मुलगी शिधा घेऊन येत नाही."

अण्णा, मी तुम्हाला चांगली ओळखते. ही ओळ लिहायला तुम्हाला किती दिवस लागले असतील ते मला कळतं. हे दुसरीकडे तोंड करून फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

आज बैठक होती. कुंकू लावलं, सगळ्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. दुरुस्त्या सभेपुढे ठेवणं चिटणिसाचं काम, तेव्हा मी कार्ड वाचायला सुरुवात केली. माझ्या सोयीचं तेवढंच वाचायचं असं आधीच ठरवलं होतं. पण शिध्याच्या ओळीपाशी माझा आवाज गेला. गेला तो गेलाच. मग म्हटलं, आता झाकून काय करायचं. सगळं सांगितलं. दोन वर्षं माहेर बंद आहे, मी थापा मारल्या, धोंड्याला रजेची गोष्ट खोटी होती, माझ्या माहेरी बायकांना उतरायला मिळेल की नाही हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

 मला वाटलं, संपलं, आता या बायका माझं तोंड बघणार नाहीत.

"आमच्या डोळ्यांवर काय पडदे हायेत का गं?" तुळजाबाई म्हणाल्या. "दोन पंचम्या झाल्या, दोन दिवाळ्या झाल्या. तुला न्यायला कुणी आल्तं का? पोरगी सणाला चुलीपाशी बसून राह्यते, अन् म्हणते, म्हायेर लय चांगलं हाय. सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"मग ठराव?" मी म्हटलं. "माझ्या माहेरी उतरायचा?"

नंदाबाई मागून म्हणाली, "तो ठराव विहिरीवरच झाल्ता. तुमच्या उंबऱ्यात आम्ही नुसते हात वर केले."

अण्णा, मी तिथेच रडले, हसलेही. तुम्ही आणि मी नियम घालत बसलो, आणि या बायकांनी बैठकीबाहेर ठरवून माझं माहेर बैठकीत मंजूर करून घेतलं! तुमच्या नियमात हे बसत नाही, मला माहीत आहे. पण मी हरकत घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

मग खरी चर्चा झाली, ती तुम्हाला कळवलीच पाहिजे. तुळजाबाईंनी मुद्दा काढला, "मूळ आल्याबगर लेक म्हायेरी जात न्हाई. कार्ड मूळ धरायचं का न्हाई, ते पयले ठरवा." एकीचं म्हणणं पडलं, मूळ म्हणजे न्यायला माणूस आला पाहिजे, भाऊ नाही तर चुलता. दुसरी म्हणाली, तिला भाऊ नाही, चुलता नाही, तर तिनं जन्मभर जाऊच नये का? बराच वाद झाला. मी मधे पडले नाही. माझाच विषय असल्यानं चिटणिसानं बोलू नये, असं मला वाटलं.

माझ्या सासूबाई समितीत पहिल्या दिवसापासून आहेत आणि एक शब्द बोललेल्या नाहीत. त्या आज बोलल्या. "माणूस आला की," त्या म्हणाल्या. "कडूबा आल्ता. मुराळी खाकी घालून आला, एवढंच. माझी सून हाय, मी धाडते." सगळ्यांचे हात वर गेले. कार्ड मूळ धरलं गेलं, अण्णा, एकमतानं.

शिध्याची दुरुस्ती मंजूर. तुळजाबाई म्हणतात, मोकळ्या हातानं कशा येणार, म्हणून त्या लोणचं आणणार आहेत. ते शिध्यात धरू नका, त्या ऐकणार नाहीत. "एक रात्र याऐवजी, चिटणिसांपुरते, पोळ्यापर्यंत असे वाचावे," ही दुसरी दुरुस्तीही मंजूर. सासूबाई म्हणाल्या, पोळ्याचं पुरण मी वाटते, तू ऱ्हा. कार्डाच्या कोपऱ्यात आईनं बारीक अक्षरात लिहिलंय की धोंड्याचे अनारसे केले होते आणि डबा अजून उघडलेला नाही. अण्णा, तिनं ते केले तेव्हा तुम्ही पाहिलं असणारच. तुम्ही काही म्हणाला नाहीत ना?

तिसरी दुरुस्ती बायकांना वाचून दाखवली नाही. ती यांनी स्वतःच वाचली आणि खिशात ठेवली. "जावई बरोबर नसल्यास वरील संमती रद्द समजावी." यांनी रजेचा अर्ज लिहिला आहे. कालपासून मला विचारतात, तुझ्या वडिलांशी पहिल्यांदा काय बोलायचं? मी म्हटलं, वाचनालयाबद्दल विचारा, मग तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही. ते भ्यालेत. सरळ माणूस आहे हो, तुम्हाला आवडेल. नाही आवडला तरी एकदम ठरवू नका, थोडं बसा त्याच्याबरोबर.

नंदाबाई रोज अंगणात गिरक्या घेते. मला वाटतं ती जिंकेल. नाही जिंकली तरी सासूसमोर ती बोलायला लागली आहे, ते काही आता थांबत नाही. काल तिनं तुळजाबाईंना भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगितलं म्हणे. तुळजाबाई गावभर सांगत फिरतात आणि रागावल्याचं सोंग करतात.

शनिवारी संध्याकाळच्या मोटारीनं आम्ही येतो. बाराजणी आणि हे. मोटारतळावर येऊ नका, गर्दी असते, तुम्हाला धूळ सोसत नाही. घरीच थांबा. मला बघून काय बोलायचं याची तयारी करत बसू नका. मीही करणार नाही. आपल्या दोघांनाही आधी ठरवून बोलता येत नाही हे एकदा अनुभवून झालं आहे; त्या दिवशी आपण दोघं किती विचार करून बोललो होतो!

आईला सांगा, अनारशांचा डबा मी आल्यावर उघडा.

ठराव झाला नसता तरी एक ना एक दिवस आलेच असते, पण बोलावल्यावर येताना फार बरं वाटतंय, अशी

तुमची लेक,
उमा